दोन्या सातुरियांचं गुहेतलं बिऱ्हाड

रविवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी दोन्या सातुरिया गोतेरा गुहेच्या दुसऱ्या दालनात एका सपाट दगडावर बसल्या, काठी मांडीवर आडवी ठेवली आणि "मी आता इथून उठायची नाही," असं त्यांनी जावयाला सांगितलं.

त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर; 'दोन्या' म्हणजे बाईसाहेब. त्या पडल्या नव्हत्या, दमल्या नव्हत्या, वाट चुकल्या नव्हत्या की कुठे अडकल्याही नव्हत्या. नुसत्या बसल्या होत्या. पुढे दिवसभर गुहेच्या तोंडाशी जे जे अधिकारी आले, त्या प्रत्येकाला हा मुद्दा समजावून सांगताना त्यांचे जावई कांपो एलियास रुएदा यांच्या तोंडाला फेस आला. हरवलेल्या माणसासाठी कायदा आहे, जखमी माणसासाठी आहे, मेलेल्या माणसासाठी तर फारच आहे. बसलेल्या माणसासाठी नाही.

दोन्या सातुरिया गुहेपासून जवळच डोंगरावरच्या गावात एकट्या राहतात. ईस्टरपासून त्या दोनदा पडल्या. एकदा कोंबडीमागे धावताना. आणि दुसऱ्यांदा, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, त्या पडल्याच नव्हत्या, जमिनीवर काहीतरी शोधत होत्या. काय शोधत होत्या ते त्यांना आठवत नव्हतं, आणि शेजारणीनं उचलेपर्यंत ते सापडलंही नव्हतं. तेव्हा त्यांची मुलगी लुदिविना हिनं ठरवलं की आईला आता शहरात आपल्या फ्लॅटमध्ये आणायचं. फ्लॅटमध्ये एक लहान खोली होती. तिच्यात कांपो एलियास यांची आरामखुर्ची आणि रेडिओ होता आणि संध्याकाळचे दोन तास खुद्द कांपो एलियास असत. लुदिविनानं एका गुरुवारी त्यांना विचारलं, म्हणजे सांगितलं. आणि ते "बरं" म्हणाले. शुक्रवारी आरामखुर्ची फ्रिजशेजारी आली.

राहिला प्रश्न आईला सांगण्याचा. सांतान्देर प्रांताच्या या डोंगरांत भांडण संपतं ते दार आपटून. जो आधी आपटेल तो जिंकला. लुदिविनानं जूनमध्ये विषय काढला, तेव्हा दोन्या सातुरिया आत गेल्या आणि दार असं आपटलं की चौकटीवरचा गिलावा पडला. मुलगा ओव्हिदियो बोगोटाला असतो. त्यानं फोनवर काढला, तेव्हा त्यांनी फोन आपटला. तोही हिशेबात दारच धरायचा.

कांपो एलियास एकतीस वर्षं पाणीपुरवठा कंपनीच्या तक्रार खिडकीवर बसले. लोक काचेपलीकडून ओरडत, हे अलीकडून मऊ आवाजात बोलत. या आवाजामुळे कित्येक माणसं नळाला पाणी न येताही समाधानानं घरी गेली आहेत. त्यामुळे दोन्या सातुरियांना सांगायचं काम आपल्याकडेच येणार हे त्यांना माहीत होतं. फक्त जागा त्यांनी सुचवली.

"गुहेत सांगू," ते म्हणाले. "गुहेला दार नसतं."

फोन जेवणाच्या टेबलावर स्पीकरवर ठेवलेला होता. ओव्हिदियो त्यातूनच म्हणाला, "भावोजी, तुम्ही एवढे हुशार आहात हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही." तीस वर्षांच्या संसारात त्यांची एकमतानं मंजूर झालेली ही पहिली सूचना. तिथेच त्यांना शंका यायला हवी होती.

सोमवारची सुट्टी जोडून आलेला शनिवार-रविवार ठरला आणि बातमी इमारतभर झाली. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त दंतवैद्य म्हणाले, गुहेत तोंड उघडं ठेवायचं नाही, वटवाघळांची धूळ छातीत जाते. "पण मला तिथं बोलायचंय," कांपो एलियास म्हणाले. "मग थोडक्यात बोला," दंतवैद्य म्हणाले. तळमजल्यावरच्या बाईंनी वटवाघळांसाठी व्हिनेगरची बाटली दिली. ते अंगाला लावायचं की वटवाघळांना, हे सांगितलं नाही. चौकीदारानं विचारलं, "सासूबाईंना गुहेत नेताय?" आणि आदरानं फाटक उघडलं.

रविवारी सकाळी ओव्हिदियोच्या गाडीतून सगळे निघाले. ओव्हिदियो, त्याची बायको, पोरं, आणि मधल्या सीटवर, पट्ट्यानं बांधलेलं, दोन्या सातुरियांचं मोठं अॅल्युमिनियमचं पातेलं. सहल म्हणजे पातेलं. पातेलं नेलं नाही तर ती सहल होत नाही, तो नुसता प्रवास होतो. गुहेसमोरच्या ओढ्याकाठी तीन दगड मांडले, चूल पेटली, सांकोचोच्या रश्श्यासाठी कोंबडी पाण्यात पडली आणि दोन्या सातुरियांनी झाकण ठेवून बजावलं, "मी येईपर्यंत याला कुणी हात लावायचा नाही. एका हाताचं सांकोचो असतं. दुसरा हात लागला की बिघडतं." या घरात मीठही त्याच घालतात, वाढतातही त्याच. लग्नाआधी कांपो एलियास यांनी एकदा स्वतःच्या हातानं वाढून घेतलं होतं, तो विषय अजून मिटलेला नाही.

गोतेरा गुहा रानटी आहे. तिकीट नाही, दिवा नाही, कठडा नाही. तोंडाशीच वेली, मग ओला उतार, मग घोटाभर पाणी, मग एक बुटका बोगदा, जिथे बसून सरकावं लागतं. कांपो एलियास सरकताना त्यांच्या पँटची शिवण उसवली. दोन्या सातुरिया त्यांच्या पुढे होत्या आणि अंगणात निघाल्यासारख्या चालल्या होत्या. हेही त्यांना विचित्र वाटायला हवं होतं; पण माणूस एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हातात पँट धरून चालत असला की फार विचार करत नाही.

दुसऱ्या दालनात त्यांनी घसा साफ केला. वरच्या कडांवरचे ग्वाचारो पक्षी दचकून किंचाळले. ते शांत होईपर्यंत थांबून ते खिडकीवरच्या आवाजात म्हणाले, "दोन्या सातुरिया, आपल्या सोयीच्या दृष्टीनं एक सूचना आहे."

"बोला."

"शहरात. आमच्याकडे. कायमचं."

"कुणाची सूचना?"

"सगळ्यांची."

"आणि ती इथं, या अंधारात आणून सांगायची, हे कुणी ठरवलं?"

"मी."

"का?"

सांतान्देरचा माणूस समोरासमोर विचारल्यावर खोटं बोलत नाही. हा त्याचा मोठेपणा नाही, आळस आहे. "इथं दार नाही म्हणून," कांपो एलियास म्हणाले.

दोन्या सातुरियांनी टॉर्च फिरवून चारी बाजू पाहिल्या. "खरंय," त्या म्हणाल्या. "नाही दार." आणि बसल्या. "मग मी इथंच राहते. तुम्ही जा. चुलीत लाकूड घाला, झाकण उघडू नका."

कांपो एलियास एकटेच बाहेर आले. लुदिविनानं त्यांच्या मागे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं.

"आई कुठाय?"

"आत. बसल्यात."

"सांगितलंत?"

"सांगितलं."

"मग?"

"राहते म्हणाल्या."

"आपल्याकडे?" लुदिविनाचा चेहरा उजळला.

"नाही. गुहेत."

या डोंगरांत नवरा बायकोला अहोजाहो करतो, आई लेकराला करते आणि बैल हाकणारा बैलालाही. त्यामुळे पुढच्या पाच मिनिटांत लुदिविना जे बोलली, ते सगळं अत्यंत आदरार्थी होतं. "तुम्ही गाढव आहात" हे त्यातलं सौम्य वाक्य.

"तुम्हीच जाऊन बघा ना," कांपो एलियास दुखावून म्हणाले.

"मी गेले तर दोघी बसू," लुदिविना म्हणाली. या बोलण्यात तथ्य होतं.

ओव्हिदियो आत गेला, आठ मिनिटांत बाहेर आला. "तिनं मला विचारलं, मी शेवटचा कधी आलो होतो," तो म्हणाला आणि गाडीचं तेल तपासायला गेला. तेल त्यानं संध्याकाळपर्यंत तपासलं.

डोंगरात मोबाइल लागत नाही, पण बातमी लागते. तासाभरात गावातली माणसं जमली. कुणी कागदाच्या पुडीत भाजलेल्या ढुंगण्या मुंग्या आणल्या होत्या. त्या शेंगदाण्यांसारख्या खात सगळे गुहेच्या तोंडाशी बसले आणि सल्ले सुरू झाले. एक म्हणाला, मिरच्यांचा धूर करा. दुसरा म्हणाला, धूर पक्ष्यांना लागेल, त्यापेक्षा आत ओरडून सांगा की घराला आग लागली. "घर दगडाचं आहे," तिसरा म्हणाला, "ती विचारील, काय जळतंय?" दोन्या सातुरियांच्या शेजारीण रोसालबिना यांनी कांपो एलियास यांना विचारलं, "तुम्ही शहरातले साहेब ना? मग म्हातारीला गुहेत कशाला नेलंत? बागेत न्यायचं." त्यांनी पँट सावरली. शिवण उसवलेल्या पँटमध्ये माणसाला स्वतःची बाजू नीट मांडता येत नाही.

कुणीतरी नागरी संरक्षण दलाला कळवलं. नारिंगी जाकिटातला विल्मेर आणखी दोघांना आणि एक स्ट्रेचर घेऊन आला. तिघं स्ट्रेचरसह आत गेले आणि बऱ्याच वेळानं तसेच बाहेर आले.

"स्ट्रेचरवर माणूस आडवा असावा लागतो," विल्मेर म्हणाला. "त्या बसल्यात. मी म्हटलं, आजी, जरा आडव्या व्हा. त्या म्हणाल्या, तुम्हीच व्हा, तुम्ही दमलेले दिसता."

"मग?"

"जरा झालो," विल्मेर म्हणाला. "आत गार आहे. आणि निरोप आहे. कोंबडी शिजली असेल तर आता युकाचे कंद घाला. पण झाकण सपाट धरून उचलायचं, पाणी पातेल्यात पडू द्यायचं नाही."

अशा रीतीनं त्या दिवशीचा स्वयंपाक गुहेतून झाला. कांपो एलियास यांच्याकडे चमचा आला. ते रस्सा चमच्यात घेऊन उतार उतरत, पाण्यातून जात, बोगद्यात सरकत. पोचेपर्यंत चमच्यात एक थेंब उरे. दोन्या सातुरिया तो चाखत, डोळे मिटून विचार करत आणि म्हणत, "केळं घाला." किंवा, "अजून नाही." दुसऱ्या खेपेला ते वाटी घेऊन गेले. तेव्हा त्या म्हणाल्या, "आत्ता सुचलं होय? एकतीस वर्षं खिडकीवर होता म्हणे."

मीठ घालायला मात्र त्यांनी कुणाला परवानगी दिली नाही. शेवटी विल्मेरच्या माणसांनी पातेलं स्ट्रेचरवर बांधलं आणि आत नेलं. स्ट्रेचरला इतकं योग्य ओझं कधी मिळालं नसेल. आत मीठ पडलं, पातेलं बाहेर आलं, आणि लुदिविनानं वाढायची परवानगी आल्यावर सगळ्यांना वाढलं. मिठाचं प्रमाण बिनचूक होतं, हे सगळ्यांनी कबूल केलं. जेवल्यावर जमावाची घाई संपली. लुदिविना सोडून कुणालाच आता दोन्या सातुरियांनी लगेच बाहेर यावं असं वाटेना.

त्याच सुमाराला पोलीस निरीक्षक नुबिया मोटरसायकलवरून आल्या. त्यांनी हेल्मेट न काढता एक ताट घेतलं आणि चौकशी सुरू केली.

"बाई शुद्धीत आहेत?"

"माझ्यापेक्षा जास्त," कांपो एलियास म्हणाले.

"कुणी कोंडलंय?"

"दार नाही."

"गुहेत मुक्कामाला परवाना लागतो."

"मग परवाना नाही म्हणून त्यांना बाहेर काढा!" लुदिविना पुढे आली.

"मुक्काम रात्री धरतात, सेन्योरा. आत्ता दुपार आहे. आत्ता ती सहल आहे."

"आणि रात्री?"

"रात्री माझी ड्युटी नसते. उद्या सुट्टी. मंगळवारी पर्यावरण कार्यालयात अर्ज द्या." निरीक्षकांनी कोंबडीचं हाड बाजूला ठेवलं. "शिवाय जमिनीवरचं माझ्याकडे. जमिनीखालचं राष्ट्राचं. या वेलींच्या पलीकडे मी गेले तर मी कोण? एक साधी बाई."

"मग साधी बाई म्हणून जा!"

"साधी बाई म्हणून मी त्यांच्या बाजूनं आहे," निरीक्षक नुबिया म्हणाल्या. "माझी सून मला गेल्या महिन्यात एक खोली दाखवत होती. फार हवेशीर आहे म्हणाली." आणि त्यांनी दुसऱ्यांदा रस्सा मागितला.

साडेचारच्या सुमाराला लुदिविनानं नवऱ्याला बाजूला घेतलं. रडून तिचे डोळे लाल झाले होते. "थट्टा झाली आता," ती म्हणाली. "तिसऱ्यांदा पडेल तेव्हा तिला कोण उचलणार? मला रात्री फोन वाजला की छातीत धस्स होतं. तुम्हाला माहितीये?"

त्यांना माहीत होतं. फोन त्यांच्या बाजूला असतो.

"जा. आणि तिला घेतल्याशिवाय बाहेर येऊ नका."

कांपो एलियास चौथ्यांदा की पाचव्यांदा बोगद्यातून सरकले. आता त्यांना वाट पाठ झाली होती. टॉर्च न लावताही हात बरोबर दगडावर पडत होता. दोन्या सातुरिया तशाच बसल्या होत्या. वरून थेंब पडत होते, एकेक, सावकाश. पक्ष्यांनी आता त्यांची दखल घेणं सोडलं होतं.

ते आपल्या मऊ आवाजात म्हणाले, "दोन्या सातुरिया, बाहेर सगळे वाट बघतायत. कुणी काही बोलणार नाही. या ना."

"अगदी असंच," त्या म्हणाल्या.

"काय?"

"अगदी असंच बोलवत होते. मी नऊ वर्षांची होते. पक्षापक्षांतल्या गोळीबाराची वर्षं. आम्ही घरातले अकराजण इथं राहिलो होतो, हा दगड आईचा. बाहेरून माणसं हाका मारायची, या ना, कुणी काही करणार नाही. आवाज इतका गोड, की माझा काका उठला. आई उठली नाही, आम्हाला उठू दिलं नाही." त्यांनी काठी नीट केली. "म्हणून मी आहे, आणि म्हणून तुमची बायको आहे. बाहेरून कुणी गोड आवाजात बोलावलं की उठायचं नाही, हे मी इथं बसून शिकले. आणि तुम्ही मला नेमकं इथंच आणलंत."

कांपो एलियास यांनी तीस वर्षांत ही गोष्ट ऐकली नव्हती. घरात कुणीच ऐकली नव्हती. आपण दार नसलेली जागा शोधली आणि अख्ख्या प्रांतातली सगळ्यात बंद जागा निवडली, हे त्यांच्या लक्षात आलं. ते ओल्या जमिनीवरच खाली बसले.

"लुदिविना घाबरते," ते म्हणाले. हा आवाज खिडकीवरचा नव्हता. जरा घोगरा होता. "रात्री फोन वाजला की उठून बसते. चुकीचा नंबर असला तरी मग झोपत नाही."

दोन्या सातुरियांनी काठी दगडाला टेकवून ठेवली. बरेच थेंब पडले.

"हे ती मला का नाही सांगत? मला खोलीचं सांगते. पडद्यांचा रंग सांगते."

"तिला असं बोलता येत नाही. तुमच्यावर गेलीये."

"हं." मग त्यांनी विचारलं, "खोली कुठली देताय?"

"लहान. झाडाकडची."

"तिथं तुमची खुर्ची होती ना? रेडिओ लावून बसायचात."

"खुर्ची आता फ्रिजशेजारी आहे."

"तुम्हाला विचारलं होतं?"

"सांगितलं होतं."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"बरं म्हणालो."

अंधारात दोन्या सातुरिया हसल्याचा आवाज आला. कांपो एलियास यांनी तो आवाज याआधी फक्त त्यांच्या बहिणीच्या श्राद्धाला, म्हणजे नवव्या दिवसाच्या प्रार्थनेला, ऐकला होता. "दार आपटायचं होतंत," त्या म्हणाल्या.

"माझ्यासाठी आमच्या घरात दार कुठाय? फ्रिजचं तेवढं आहे."

त्या पुन्हा हसल्या. मग दगडावरून थोड्या सरकल्या. "खाली ओल आहे," त्या म्हणाल्या. "संधिवात होईल. इकडे बसा."

बाहेर पाच वाजले. जमाव पांगू लागला. निरीक्षक नुबिया हेल्मेटसहच मोटरसायकलवर बसून गेल्या. लुदिविनानं दोनदा हाक मारली. आतून फक्त पक्षी ओरडले. ती विल्मेरला म्हणाली, "बघून या. पडली असेल." विल्मेर गेला.

तो लवकर परत आला. दोघंही दगडावर बसलेत, त्यानं सांगितलं. ठीक आहेत. काय बोलतायत ते कळलं नाही, पण बोलतायत. आजींनी निरोप दिलाय की त्या रागावलेल्या नाहीत, विचार करतायत, आणि विचार पुरा व्हायच्या आत कुणी घाई केली तर पुन्हा पहिल्यापासून करतील.

"आणि हे?" लुदिविनानं विचारलं. "यांनी काय सांगितलं? हे कधी येणार?"

"साहेब म्हणाले, तुम्हीच सांगितलंय ना, त्यांना घेतल्याशिवाय येऊ नका म्हणून." विल्मेर घुटमळला. "आणि कांबळी मागवलीत."

"किती?"

"दोन. पण तिसरं असलं तर तेही पाठवा म्हणाल्या, दगड मोठा आहे."

शेवटची बातमी आली तेव्हा सूर्य ओढ्यापलीकडच्या डोंगराला टेकला होता. ओव्हिदियो गाडी सुरू करून बसला होता. लुदिविना गाडीतली तिन्ही कांबळी छातीशी धरून वेलींपाशी उभी होती. विल्मेरनं ती आत न्यायला दोन्ही हात पुढे केले होते. तिनं ती अजून त्याच्या हातात दिलेली नव्हती.